मुसलमान कोण हे ठरवणारा कायदा

पाकिस्तानच्या राज्यघटनेच्या २६० व्या अनुच्छेदात ‘मुसलमान’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. महंमद पैगंबर हे अखेरचे प्रेषित आहेत यावर ज्याची निरपवाद श्रद्धा आहे आणि त्यांच्यानंतर प्रेषितपदाचा दावा करणाऱ्या कुणालाही जो प्रेषित किंवा धर्मसुधारक मानत नाही, तो कायद्याच्या लेखी मुसलमान. मुसलमान कोण नाही, याची यादीही त्याच अनुच्छेदात आहे. ख्रिस्ती, हिंदू, शीख, बौद्ध आणि पारशी यांच्या सोबतीने त्या यादीत कादियानी आणि लाहोरी या दोन गटांची नावे येतात. हे दोन्ही गट म्हणजे अहमदिया पंथ. यादीतले बाकीचे समाज स्वतःला मुसलमान म्हणवत नाहीत. अहमदी मात्र कलमा पढतात, पाच वेळा नमाज पढतात, रोजे ठेवतात आणि स्वतःला मुसलमानच मानतात. एखाद्या माणसाचा धर्म कोणता, याबाबत त्याचे स्वतःचे म्हणणे बाजूला सारून राज्यसंस्थेने उत्तर द्यायचे ठरवले, की कायदा कुठवर जातो, हे पाकिस्तानातील अहमदियांच्या इतिहासात टप्प्याटप्प्याने पाहता येते.

पंथ आणि वाद

अहमदिया चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबात सुरू झाली. गुरुदासपूर जिल्ह्यातील कादियान गावचे मिर्झा गुलाम अहमद यांनी १८८९ मध्ये लुधियाना येथे अनुयायांकडून पहिली दीक्षा-शपथ घेतली. पुढे त्यांनी आपण महदी आणि ज्याच्या आगमनाचे वचन दिले गेले तो मसीहा असल्याचे जाहीर केले. ख्रिस्ती मिशनरी, आर्य समाज आणि मुस्लिम सुधारक यांच्यात तेव्हा पंजाबात वादविवादांची धुमश्चक्री चालू होती. मिर्झांचे लेखन त्याच धामधुमीत घडले. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे १९१४ मध्ये पंथात फूट पडली. कादियानचा मोठा गट मिर्झांना प्रेषित मानतो. मात्र नवे धर्मशास्त्र न आणणारा, महंमद पैगंबरांच्या छायेतला, त्यांच्या अधीन असलेला प्रेषित, असा त्याचा अर्थ हा गट लावतो. मौलाना महंमद अली यांच्या नेतृत्वाखालील लाहोरचा छोटा गट त्यांना केवळ मुजद्दिद, म्हणजे धर्माला उजाळा देणारा सुधारक मानतो. सुन्नी आणि शिया उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, दृष्टीने प्रेषितपदाची मालिका महंमद पैगंबरांपाशी संपली. ‘खत्म-ए-नबुव्वत’ या नावाने ओळखला जाणारा हा सिद्धांत श्रद्धेचा पाया आहे आणि त्याला कोणतेही पोटकलम जोडता येत नाही. मतभेद खरा आणि खोल आहे. धर्मपंडितांनी एखाद्या मताला पाखंड म्हणावे, यातही नवे काही नाही. प्रश्न निर्माण झाला तो हा वाद मदरशातून निघून संसदेत आणि पोलीस ठाण्यात पोहोचल्यावर.

१९५३ : आयोगापुढचा प्रश्न

फाळणीत कादियान भारतात राहिले. पंथाचे प्रमुख मिर्झा बशीरुद्दीन महमूद अहमद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये चिनाब नदीकाठच्या ओसाड जमिनीवर त्यांनी रबवा हे नवे केंद्र वसवले. नव्या राष्ट्रात अहमदियांना मानाचे स्थान होते. मुस्लिम लीगची बाजू सीमा आयोगापुढे मांडणारे महंमद झफरुल्ला खान हे अहमदी होते आणि पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्रीही तेच झाले.

मजलिस-ए-अहरार आणि इतर धार्मिक संघटनांनी मात्र लवकरच मोहीम उघडली. अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवा आणि झफरुल्ला खान यांना पदावरून दूर करा, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी त्या नाकारल्या. १९५३ च्या सुरुवातीला पंजाबात दंगली उसळल्या आणि ६ मार्चला लाहोरमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. लष्कराने मुलकी कारभार हाती घेण्याचा पाकिस्तानातला हा पहिलाच प्रसंग.

दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती महंमद मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांचा आयोग नेमला गेला. अमुक लोकांना मुसलमान म्हणू नका अशी मागणी असेल, तर मुसलमान म्हणजे कोण ते आधी सांगा, असे आयोगाने समोर आलेल्या उलेमांना एकेक करून विचारले. १९५४ च्या अहवालात ही उत्तरे नोंदलेली आहेत. कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. एका आलिमची व्याख्या स्वीकारली तर आपण त्याच्या लेखी मुसलमान राहतो आणि बाकी सर्वांच्या लेखी काफिर ठरतो, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी काढला. ज्या विषयावर जाणकारांचे एकमत नाही, त्यात राज्यसंस्थेने निवाडा देऊ नये, हा त्यातला इशारा होता. वीस वर्षांनी तो विसरला गेला.

१९७४ : संसदेचा निवाडा

१९७३ च्या राज्यघटनेने राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या शपथेत खत्म-ए-नबुव्वतवरील श्रद्धेचा उल्लेख घातला. पुढच्याच वर्षी, २९ मे १९७४ रोजी, रबवा रेल्वे स्थानकावर मुलतानच्या निश्तर मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अहमदी तरुणांकडून मारहाण झाली. पंजाबभर हिंसाचार पसरला, अहमदियांची घरे आणि दुकाने जळाली. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या सरकारने हा प्रश्न संसदेकडे सोपवला.

साऱ्या नॅशनल असेंब्लीचीच एक विशेष समिती झाली आणि तिचे कामकाज बंद दाराआड चालले. पंथाचे तेव्हाचे प्रमुख मिर्झा नासिर अहमद यांची अॅटर्नी जनरल याह्या बख्तियार यांनी अनेक दिवस उलटतपासणी घेतली. धर्मशास्त्रातील प्रश्नांवर एका पंथप्रमुखाला लोकप्रतिनिधींपुढे साक्षीदारासारखे उभे राहावे लागले. ७ सप्टेंबर १९७४ रोजी दुसरी घटनादुरुस्ती एकमताने संमत झाली. मिर्झांना प्रेषित मानणारेच नव्हे, तर त्यांना नुसते धर्मसुधारक मानणारेही ‘घटनेच्या आणि कायद्याच्या प्रयोजनांपुरते’ बिगरमुस्लिम ठरले. त्यामुळे मिर्झांना प्रेषित न मानणारा लाहोरी गटही त्याच जाळ्यात आला.

या दुरुस्तीत शिक्षेची तरतूद नव्हती. अहमदी म्हणजे अल्पसंख्याक, इतकेच तिने ठरवले. अल्पसंख्याकांना धर्मस्वातंत्र्य असते, तेव्हा प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. पण नव्या व्याख्येतून लगेच दुसरा प्रश्न निघाला: जो मुसलमान नाही, त्याने मुसलमानांसारखे वागावे का? अहमदियांना अजान देण्यास आणि आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणण्यास मनाई करावी, यासाठी दिवाणी दावा झाला. १९७८ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने तो फेटाळला. धार्मिक शब्दांवर कुणाची मालकी नसते, असे तेव्हा न्यायालयाचे मत होते.

१९८४ : शब्दांवर बंदी

जे न्यायालयाने नाकारले, ते लष्करशहा जनरल झिया-उल-हक यांच्या वटहुकमाने दिले. २६ एप्रिल १९८४ रोजी वीस क्रमांकाचा वटहुकूम निघाला आणि पाकिस्तानच्या दंडसंहितेत २९८-ब आणि २९८-क ही कलमे आली.

पहिल्या कलमात थेट शब्दांचीच यादी आहे. पैगंबरांचे सहकारी, खलिफा, पत्नी आणि कुटुंबीय यांच्यासाठी राखलेली ‘सहाबी’, ‘अमीर-उल-मोमिनीन’, ‘उम्मुल-मोमिनीन’, ‘अहल-ए-बैत’ अशी संबोधने अहमदीने इतर कुणासाठी वापरली, आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मस्जिद’ म्हटले, किंवा प्रार्थनेच्या पुकाऱ्याला ‘अजान’ म्हटले, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसऱ्या कलमाचा आवाका आणखी मोठा आहे. अहमदीने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे स्वतःला मुसलमान म्हणून दाखवले, आपल्या धर्माला इस्लाम म्हटले, त्याचा प्रचार केला, किंवा ‘कोणत्याही प्रकारे’ मुसलमानांच्या धार्मिक भावना दुखावल्या, तर तीच शिक्षा. हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

‘मुसलमान म्हणून दाखवणे’ म्हणजे नेमके काय, हे कायदा सांगत नाही. ते ठरते फिर्याद देणाऱ्याच्या मर्जीवर. छातीवर कलम्याचा बिल्ला लावला म्हणून लोक तुरुंगात गेले. लग्नपत्रिकेवर ‘बिस्मिल्लाह’ छापणे, भेटल्यावर ‘अस्सलाम आलेकुम’ म्हणणे, बकरी ईदला कुर्बानी करणे यावरून गुन्हे नोंदले गेले. पोलिसांनी प्रार्थनास्थळांच्या भिंतींवरचा कलमा रंग फासून पुसला. कलमा हे साऱ्या इस्लामचे सर्वांत पवित्र वाक्य. त्याचा मान राखण्यासाठी तेच वाक्य पुसायचे, अशा टोकाला हा कायदा पोहोचला. वटहुकूम निघाल्यावर काही दिवसांतच चौथे पंथप्रमुख मिर्झा ताहिर अहमद लंडनला निघून गेले. पंथाचे मुख्यालय तेव्हापासून इंग्लंडमध्येच आहे.

१९८६ मध्ये पैगंबरांच्या अवमानासाठी मृत्युदंड किंवा जन्मठेप सांगणारे २९५-क हे कलम आले. पुढे फेडरल शरियत न्यायालयाने त्यातील जन्मठेपेचा पर्याय धर्मबाह्य ठरवला. हे कलम सर्वांना लागू असले तरी अहमदियांसाठी ते अधिक घातक आहे. मिर्झांवरची श्रद्धा हाच अवमान, असा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध केला जातो.

न्यायालयांची भूमिका

घटनेच्या २० व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ‘कायदा, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता यांच्या अधीन राहून’ ही अट मात्र त्याला आहे. १९८९ मध्ये पंथाची शताब्दी आली तेव्हा पंजाब सरकारने समारंभांवर बंदी घातली. हे प्रकरण आणि कलम्याच्या बिल्ल्याचे खटले एकत्रितपणे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. ‘झहीरुद्दीन विरुद्ध सरकार’ या खटल्याचा निकाल ३ जुलै १९९३ रोजी लागला.

बहुमताच्या निकालपत्रात श्रद्धेच्या प्रश्नाला व्यापारी कायद्याचा दाखला दिलेला आहे. कोका-कोला कंपनी आपले नाव दुसऱ्याच्या बाटलीवर लावू देत नाही. कुणी लावले तर ती फसवणूक ठरते. तसेच इस्लामची चिन्हे आणि संज्ञा या मुसलमानांच्या आहेत, इतरांनी त्या वापरणे ही लोकांची दिशाभूल आहे, असा हा तर्क होता. धार्मिक शब्दांवर मालकी नसते हे १९७८ चे मत पंधरा वर्षांत असे उलटे झाले. अहमदियांनी ही चिन्हे उघडपणे मिरवली तर मुसलमानांचा संयम सुटेल, आणि तसे झाले तर दोष त्यांना कसा देणार, असेही बहुमताने सूचित केले. शांतता भंग करणाऱ्याला आवरायचे, की ज्याच्या अस्तित्वाने त्याला राग येतो त्याला गप्प करायचे, या प्रश्नात न्यायालयाने दुसरा मार्ग धरला. न्यायमूर्ती शफीउर रहमान यांनी भिन्नमत नोंदवून या कलमांतील काही तरतुदी घटनाबाह्य असल्याचे म्हटले, पण कायदा ठरला तो बहुमताचा.

मतदार यादी, पासपोर्ट आणि थडग्याचा दगड

फौजदारी कायदा काही जणांना गाठतो, सरकारी अर्ज सर्वांना गाठतात. पासपोर्ट काढताना स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या प्रत्येक पाकिस्तानी नागरिकाला एका निवेदनावर सही करावी लागते. मिर्झा गुलाम अहमद हे खोटे प्रेषित होते आणि त्यांचे अनुयायी बिगरमुस्लिम आहेत, असे त्यात लिहिलेले असते. अहमदियांशी ज्यांचे काही भांडण नाही, त्यांनाही हे लिहून द्यावे लागते. अहमदीपुढे दोनच वाटा उरतात: आपल्या गुरूला खोटे म्हणायचे, किंवा स्वतःला बिगरमुस्लिम म्हणून नोंदवायचे.

मतदानाच्या बाबतीतही हेच घडले. झियांच्या राजवटीत धर्मानुसार वेगळे मतदारसंघ आले. २००२ मध्ये परवेझ मुशर्रफ यांनी ते रद्द करून हिंदू, ख्रिस्ती, शीख आणि मुसलमान या सर्वांना एका यादीत आणले. धार्मिक संघटनांच्या दबावाखाली लगेच दुसरा हुकूम निघाला आणि अहमदियांपुरती वेगळी पुरवणी यादी कायम राहिली. यादीतील एखादा मतदार मुसलमान नसल्याची हरकत कुणी घेतली, तर त्याला पंधरा दिवसांत येऊन खत्म-ए-नबुव्वतच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. सही केली नाही तर नाव पुरवणी यादीत जाते. त्या यादीत नाव असणे म्हणजे आपण मुसलमान नाही हे मान्य करणे, म्हणून अहमदी समाज मतदानच करत नाही. रबव्यातील बहुतेक वस्ती अहमदियांची, पण तिथल्या स्थानिक कारभारातही त्यांचा प्रतिनिधी नसतो. शहराचे नावही त्यांच्या हाती राहिले नाही. पंजाब विधानसभेच्या १९९८ च्या ठरावानंतर रबवा बदलून चिनाबनगर झाले.

या विषयाला हात लावणे राजकारण्यांना किती महाग पडते, हे २०१७ मध्ये दिसले. नव्या निवडणूक कायद्यात उमेदवाराच्या अर्जातील खत्म-ए-नबुव्वतच्या निवेदनात ‘शपथपूर्वक सांगतो’ याऐवजी ‘जाहीर करतो’ असे शब्द आले होते. तहरीक-ए-लब्बैक या धार्मिक पक्षाने इस्लामाबादजवळच्या फैजाबाद चौकात आठवडे ठिय्या दिला. जुने शब्द परत आले, तरी कायदामंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ आतिफ मियाँ यांची सरकारी सल्लागार मंडळावरील नेमणूक ते अहमदी असल्याच्या कारणावरून मागे घेतली गेली.

चिनाबनगरच्या कबरस्तानात अहमदी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांचे थडगे आहे. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे ते पहिले पाकिस्तानी. १९७४ च्या घटनादुरुस्तीनंतर त्यांनी देश सोडला, पण नागरिकत्व सोडले नाही. १९९६ मध्ये ऑक्सफर्डला निधन झाल्यावर त्यांचा देह मायदेशी आणून पुरण्यात आला. ते पहिले मुस्लिम नोबेल मानकरी आहेत, असे थडग्याच्या दगडावर इंग्रजीत कोरले होते. त्यातला ‘मुस्लिम’ हा एकच शब्द नंतर रंग लावून मिटवण्यात आला. उरलेले वाक्य तसेच आहे आणि त्याला अर्थ उरलेला नाही, कारण पहिले नोबेल मानकरी सलाम नव्हेत.

कायद्याने ज्यांना परके ठरवले, त्यांच्यावर हात उचलणेही सोपे होते. २८ मे २०१० रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, लाहोरमधील अहमदियांच्या दोन प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले आणि ऐंशीहून अधिक माणसे मारली गेली.

शिया : वेगळी वाट

सर्वच अल्पसंख्य पंथांना पाकिस्तानी कायद्याने असे वागवलेले नाही. शिया समाज हे त्याचे उदाहरण. १९८० मध्ये झियांनी बँक खात्यांतून अडीच टक्के जकात, म्हणजे धर्माने सांगितलेले दान, सक्तीने कापण्याचा वटहुकूम काढला. हा नियम सुन्नी हनफी शास्त्राप्रमाणे होता आणि शियांच्या जाफरी शास्त्राला तो मान्य नव्हता. जुलै १९८० मध्ये हजारो शियांनी इस्लामाबादेत सरकारी कचेऱ्यांना वेढा दिला. सरकार नमले आणि प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांना कपातीतून सूट मिळाली. त्याच वर्षी घटनेच्या २२७ व्या अनुच्छेदाला स्पष्टीकरण जोडले गेले: व्यक्तिगत कायद्याच्या बाबतीत ‘कुराण आणि सुन्ना’ याचा अर्थ त्या त्या पंथाने लावलेला अर्थ असा धरावा.

म्हणजे राज्यसंस्थेला मतभेदांना जागा करून देता येते. शियांना ती मिळाली, कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचे मुसलमानपण घटनेने नाकारलेले नाही. तरीही ते पूर्ण निर्धास्त नाहीत. १९८० मध्येच आलेले २९८-अ हे कलम पैगंबरांच्या सहकाऱ्यांचा अवमान हा गुन्हा ठरवते, आणि पहिल्या खलिफांविषयीचे शियांचे पारंपरिक मत त्याच्या कक्षेत ओढले जाऊ शकते. अहमदियांवर कारवाई व्हावी म्हणून शिया उलेमाही एकेकाळी सुन्नींच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. पुढे शियांनाही काफिर ठरवा, ही मागणी सिपाह-ए-सहाबासारख्या कट्टर सुन्नी संघटनांनी लावून धरली.

सीमेच्या अलीकडे

हाच प्रश्न भारतातील न्यायालयांपुढेही आला आहे. १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘आगाखान खटला’ गाजला. मुंबईतील खोजा समाज सुन्नी की शिया, आणि त्यांच्या सामाईक मालमत्तेवर हक्क कुणाचा, असा तो वाद होता. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी खोजांचा इतिहास आणि प्रार्थनाग्रंथ तपासून ते शिया इमामी इस्माइली असल्याचा निर्णय दिला. न्यायालयाने पंथ ठरवला तो मालमत्तेच्या वादापुरता, कुणाला धर्माबाहेर काढण्यासाठी नव्हे. पाकिस्तानचे संस्थापक महंमद अली जीना याच खोजा समाजात जन्मले आणि याच न्यायालयात त्यांनी वकिली केली.

अहमदियांबाबत १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला. अल्ला एक आणि महंमद त्याचे प्रेषित, ही श्रद्धा असणारा कायद्याच्या दृष्टीने मुसलमान आहे, म्हणून अहमदी होणे म्हणजे धर्मत्याग नव्हे, असे त्यांनी म्हटले. इथल्या मुस्लिम संघटनांतही अहमदियांना विरोध आहे, पण तो धर्मपंडितांच्या मतापुरता राहतो. त्याला तुरुंगाची जोड नाही.

आजची स्थिती

अलीकडच्या वर्षांत पाकिस्तानी न्यायालयांतून काही वेगळे सूर उमटले. २०२२ मध्ये न्यायमूर्ती मन्सूर अली शाह यांनी निकाल दिला, की आपल्या प्रार्थनास्थळाच्या चार भिंतींच्या आत धर्म आचरण्यापासून अहमदियांना रोखता येत नाही. २०२३ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने म्हटले, की १९८४ पूर्वी बांधलेले मिनार पाडण्याची मुभा कायदा देत नाही. या निकालांनंतरही जमावाच्या दबावाखाली मिनार पाडले जातच राहिले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरन्यायाधीश काझी फैज ईसा यांनी एका अहमदी आरोपीला जामीन दिला. आरोप २०१९ मध्ये कुराणावरील अहमदी भाष्य वाटल्याचा होता आणि त्या कृत्याला गुन्हा ठरवणारी तरतूद २०२१ ची होती. जे तेव्हा गुन्हा नव्हते त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, हे कायद्याचे प्राथमिक तत्त्व. तरीही देशभर निदर्शने झाली आणि एका धार्मिक संघटनेच्या नेत्याने सरन्यायाधीशांच्या शिरावर इनाम लावले. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलेमांचे म्हणणे ऐकून निकालातील आक्षेप घेतलेले परिच्छेद काढून टाकले. १९५३ मध्ये न्यायाधीश उलेमांना प्रश्न विचारत होते, आता उलेमांच्या सांगण्यावरून न्यायाधीश आपला निकाल दुरुस्त करत होते.

जनगणनेचे आकडे या साऱ्याचा परिणाम दाखवतात. १९९८ च्या गणनेत अहमदी लोकसंख्येच्या सुमारे ०.२२ टक्के होते, २०२३ च्या गणनेत जेमतेम ०.०७ टक्के. काही जणांनी देश सोडला हे खरे, पण आकडा घटण्यामागे दुसरेही कारण आहे. गणनेच्या अर्जात मुसलमानाच्या रकान्यात खूण करणे अहमदीसाठी गुन्हा ठरू शकते आणि त्याबाहेरच्या रकान्यात खूण करणे त्याच्या श्रद्धेविरुद्ध आहे. म्हणून अनेक जण नोंदच करत नाहीत. मुसलमान कोण हे ठरवायला निघालेल्या राज्यसंस्थेला आपले नागरिक किती, हेही नीट मोजता येत नाही.